कवितासंग्रहातलं कोरं पान

“ताई, कवितासंग्रहात मध्येच एक पान कोरं आलंय. चुकून की मुद्दाम?” फोनच्या स्पीकरवर छापखानेवाला विचारत होता. एकटीने प्रकाशन चालवणारी ताई गोंधळली. या कवीने नुसत्या स्वल्पविरामांची कविताही केली होती. त्याचा काही नेम नव्हता. विचारावं तर तो गेल्याच महिन्यात वारला होता. तिने प्रूफ समोर बसलेल्या त्याच्या बायकोपुढे सरकवलं. “वहिनी, तुम्हाला काय वाटतं?” वहिनींनी कोरं पान निरखलं. “जेवताना हे मध्येच गप्प व्हायचे. रुसलेत की कविता सुचतेय, मला जन्मभर कळलं नाही. आता काय कळणार?” ताईला हसावं की रडावं समजेना. “राहू दे तसंच,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “चूक असलीच तर त्यांची शेवटची आहे.” पलीकडे छापखानेवाला घुटमळला. “बरं. मग त्या पानाला नंबर द्यायचा का?”