थेंबाचा रंग
दारात नवाफ दिसताच सुहैलाने कपाळाला हात लावला. अम्मानमध्ये मोबाइलवरून पाण्याचा टँकर मागवायचं त्याचं अॅप; त्याचा लोगो ती काढून देत होती, म्हणजे साधा थेंब. पण त्या थेंबापायी त्याने तिला पार पिळून काढलं होतं. जाड करा, बारीक करा, निळा नको, हिरवा तर नकोच. तिने वेलदोड्याची कॉफी ओतली. नवाफने कप ओठांना न लावताच खाली ठेवला. म्हणजे मागणं घेऊन आला होता. तिकडची रीतच तशी, मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा घोट घेत नाही. "बोल बाबा, आता काय बदलायचंय?" "कंपनी बंद केली, खाला." नवाफ कपाकडेच बघत होता. "पण लोगो पूर्ण करा. आईला दाखवायला दुसरं काहीच नाहीये." सुहैलाने कप उचलून त्याच्या हातात दिला. "करते. पी आता. रंग कुठला देऊ?" त्याने एकदाचा घोट घेतला. "तुम्हाला आवडेल तो."