चाळीस पानं आणि एक कागद

"ह्या चिटोऱ्यावर इंदूताईंनी घरात आडोसा बसवला, तर गेटवर बसून अर्धी मिशी उतरवीन!" केरकरांनी पैज लावली. आडोशाची चाळीस पानी माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली होती. शेजारच्या झरीनाने ती सगळी एका कागदावर उतरवली, ते त्यांना झोंबलं होतं.

आडोसा म्हणजे घरातलं बोलणं ऐकून बाहेर कळवणाऱ्या स्मार्ट घराचे कान बंद करणारं, सगळ्यांना फुकट असलेलं सॉफ्टवेअर. इंदूताईंच्या घराने त्यांचा विसरभोळेपणा दोनदा नागपूरला लेकाला कळवला होता. तिसऱ्यांदा कळलं, की तो त्यांना कायमचं तिकडे नेणार होता.

इंदूताईंनी कागद वाचत एकेक बटण दाबलं. शेवटची ओळ होती, 'आता घराला ऐकू जाईल अशी एक सणसणीत थाप मारा आणि दहा मिनिटं लेकाचा फोन येतो का बघा.'

"पुस्तिकेत हे नव्हतं रे केरकर," त्या म्हणाल्या. "बंद झालं हे कळणार कसं, तेच तू लिहिलं नाहीस."

मग डोळे मिटून ओरडल्या, "अगं बाई, गॅस चालू ठेवून बाजारात गेले होते!"

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. फोन गप्प. इंदूताई पोट धरून हसल्या.

संध्याकाळी गेटवर बसलेल्या केरकरांसमोर न्हाव्याने वस्तरा उघडला. "डावी की उजवी?"

"काय ठरलं होतं गं झरीना?" इंदूताईंनी कित्येक महिन्यांनी बिनधास्त आवाज चढवला. "मी साफ विसरले!"

न्हाव्याने डावी उतरवली.