हळू विमानाने माहेरी

ऑकलंड ते नागपूर हे अंतर झेपयानाने अर्ध्या तासावर आणल्यापासून केतकी दर रविवारी आईकडे जेवायला यायची आणि भांडी घासून व्हायच्या आत परत जायची. लग्नानंतर ती माहेरी एक रात्रही राहिली नव्हती. "कधीही येता येतं की गं, आई," असं ती म्हणायची, आणि कुमुदिनीबाई तिच्या हातात उरलेल्या जेवणाचा डबा द्यायच्या.

मग तिला दिवस गेले. झेपयानाचा दाब पोटातल्या बाळाला सोसत नाही, म्हणून पहिल्या बाळंतपणाला केतकी सातव्या महिन्यात जुन्या, हळू विमानाने निघाली. वाटेत विमान बदलून, जवळजवळ अख्खा दिवस प्रवास करून ती दारात आली, तेव्हा तिचे पाय सुजले होते. कुमुदिनीबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चार घास खाऊन ती आईच्या पलंगावर आडवी झाली, ती गाढ झोपलीच.

कुमुदिनीबाई उशाशी बसून राहिल्या. झोपेत केतकीचं तोंड अजूनही लहानपणासारखं किंचित उघडं राहत होतं. हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

इतक्यात बेल वाजली. हातातलं काम आटोपून जावई, सारंग, ऑकलंडहून झेपयानाने तडक आला होता.

"नीट पोचली ना? पाच मिनिटं भेटतो आणि लगेच निघतो, आई."

कुमुदिनीबाईंनी दार अर्धवटच उघडलं होतं.

"दमून झोपलीय ती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही उद्या या. तुम्हाला काय, अर्ध्या तासाचा तर रस्ता."