एकच चिमटा

इंग्लंडात डेस्मंड आणि त्याचा भाऊ क्लाइव्ह, दोघांच्या छोट्या विमानांचे रिमोट एकाच चॅनेलवर चालायचे; दोन्ही एकदम लावले तर विमान कोसळायचं. मैदानावरच्या फळीला त्या चॅनेलचा एकच चिमटा; तो ज्याच्या हाती, त्यानंच विमान उडवायचं. "उतरव की आता, माझी पाळी!" असं भांडत दोघं म्हातारे झाले.

लेकीकडे कॅनडात येताना डेस्मंडनं तोच जुना रिमोट आणला.

"इथं ही फ्रिक्वेन्सी कायद्यानं चालत नाही गड्या. बटण दाबलंस तर क्लबला टाळं लागेल," तिथल्या विमान-क्लबातला लॉर्न म्हणाला.

विमान पुन्हा खोक्यात गेलं. डेस्मंडनं क्लाइव्हला फोन लावला. "मजा आहे लेका तुझी! चिमटा आता तुझ्या एकट्याचा."

 

"कसली मजा! एकदा उडवतो, सवयीनं चिमटा फळीला लावतो आणि बाकावर बसून राहतो. तुझी पाळी काही संपतच नाही रे."