सभा बसण्याआधी

"ही सभाच नव्हे!" इओसुआ सभाघराच्या पायरीवर पाठ फिरवून बसला होता आणि तिथूनच गरजत होता. "गावची सभा मुखिया बोलावतो. मुखिया मी. मी बोलावलीय का?"

"होतास मुखिया," आत खांबाला टेकलेला म्हातारा सापोलु म्हणाला. "घराण्यानं तो मान काढून घेतला. आता नुसता इओसुआ. किनारा हॉटेलवाल्याला विकताना कुणाला विचारलं होतंस?"

बिनभिंतींच्या त्या गोल घरात इओसुआची मुलगी तेउईला लाकडी काठवटीपुढे बसली होती. आवा म्हणजे एका झुडपाच्या कुटलेल्या मुळ्यांचं पाणी; ते गाळून सगळ्यांना वाढल्याशिवाय सभा बसत नाही, आणि ते गाळायचं मुखियाच्या मुलीने. नवा मुखिया अजून ठरला नव्हता, म्हणून मान तिचाच. बापाला गावाबाहेर काढायला सभा जमलेली, आणि तिचं अडलेलं त्याच्याच लेकीवाचून! तेउईलाला याची मोठी गंमत वाटली. पण बाप गावाबाहेर जायला नको होता.

गाळायला सालीच्या धाग्यांची जुडी असते. ती पाण्यात फिरवून बाहेर फेकायची, बाहेरच्या गड्याने झटकून चोथा पाडायचा आणि परत आत टाकायची. त्या गड्याला इओसुआने मघाशीच शिव्या घालून पिटाळलं होतं.

तेउईलाने जुडी काठवटीतच पिळली. चोथा पुन्हा पाण्यात. असली आवा कुणी तोंडाला लावणार नाही, म्हणजे आज सभा नाही. बघू तर खरं, काय होतं ते.

आवा गाळताना सभेतल्यांनी बोलायचं नसतं. सगळे नुसते बघत राहिले. बाहेर मात्र इओसुआने कान टवकारले.

"झटकल्याचा आवाज नाही आला. आतच पिळलीस की काय?"

"सभाच नाही ना ही, बाबा?" ती हळूच म्हणाली. "मग कशीही गाळली म्हणून काय झालं?"

"आपल्या घरच्या हातची आवा, आणि गढूळ? टाक इकडे!"

"नको ना, बाबा."

"टाक म्हणतो ना!"

तिचा नाइलाज झाला. इओसुआने जुडी झेलली, उठून उभा राहिला आणि खाडखाड झटकली. चोथा गवतावर उडाला. मुखिया झाल्यापासून हे गड्याचं काम त्याने केलं नव्हतं, पण हात विसरला नव्हता. जुडी नेमकी तिच्या ओंजळीत परत आली.

तिने शेवटचं गाळून, चोथा उरला नाही हे दिसावं म्हणून पाणी उंचावरून सोडलं. सापोलु वाकून बघत राहिला. मग त्याने खणखणीत पुकारा केला, "आवा तयार आहे! सभा बसली!"

तेउईलाने बापाकडे पाहिलं. तो ओले हात कमरेच्या कापडाला पुसत होता.

"स्वच्छ झाली ना गं?" त्याने विचारलं.