अंगाचा वास

पाळणाघराच्या दारात जया दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. नात दिशा पडली, कपाळाला टेंगूळ आलंय, असा फोन आला आणि अंधेरीच्या बाजारातली म्हावऱ्याची पाटी शेजारणीच्या हवाली करून ती तशीच धावत आली होती. हाताला बोंबलांचा वास, लुगड्याला खवले.

दिशाला धूळ आणि उग्र वास सोसत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा घरातले जाड पडदे गेले, गालिचा गेला, कापसाचं अस्वलही गेलं. जयाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण उग्र वास म्हणजे आपणच, हे तिचं तिनेच धरून घेतलं. बाजारातून आल्यावर दोनदा साबण, मग अंगभर पावडर, वर अत्तर. तरी जवळ घेतलं की पोर शिंकून शिंकून बेजार व्हायची, छाती घरघरायची, आणि सून रोशनी येऊन तिला उचलून न्यायची. आता आणखी काय घासायचं, जयाला कळेना. नात हातची जाईल याची तिला धास्ती बसली होती.

"थांब गो, मी आंघोळ नाय केली."

पण दिशा रडतच येऊन बिलगली. नाक थेट आजीच्या खांद्यात. आता शिंकेल, मग शिंकेल, म्हणून जया अंग चोरून उभी राहिली. पोर हुंदके देत शांत झाली आणि घर येईस्तोवर खांद्यावरच झोपली. नाक कोरडं, छाती गप्प.

जया पार चक्रावली. तरी रोशनीची यायची वेळ झाली तशी तिने नातीला गादीवर ठेवलं, चटकन आंघोळ उरकली, पावडर चोपडली, अत्तर लावलं. रोशनी आत आली तेव्हा जया टेंगूळ बघायला वाकली होती. दिशा जागी झाली. एक शिंक, दुसरी, मग थांबेनाच.

रोशनीने लेकीच्या फ्रॉकला चिकटलेले खवले पाहिले. "आई, बाजारातून आलात तसंच घेतलं होतंत हिला?"

"हो गो. तेव्हा काय नाय झालं."

रोशनी पावडरच्या डब्याकडे बघत राहिली. जयाने डबा उचलला.

"अजून लावू का?"

दिशाने नाक पुसलं. "आजी, मघासारखी हो ना."