नाव घातलेली वाटी

नचिकेतने नाणं चुलीच्या डाव्या दगडापाशी दोन बोटं खोल खुपसलं, वरची माती सारखी केली, त्यावर निलगिरीची वाळकी पानं टाकली आणि शीळ घालत गाडीपाशी आला.

"कुठे गेला होतास?" प्रणव डिकीतून मेटल डिटेक्टर काढत होता.

"हलका होऊन आलो. का, तुला विचारून जायचं?"

मधोमध चौकोनी भोक असलेलं ते पितळी चिनी नाणं त्याने कालच टू डॉलर शॉपमधून आणलं होतं. लोक बरकतीसाठी लाल दोऱ्यात ओवून दारावर टांगतात, त्यातलं. दोरा त्याने काढून टाकला होता. तेवढी अक्कल होती.

रस्त्याच्या कडेला पाटी होती. दीडशे वर्षांपूर्वी सोन्यासाठी आलेले शेकडो चिनी या ओढ्याकाठी राहायचे. ही दगडी चूल, तो पाण्याचा पाट, सगळं त्यांनीच बांधलेलं. मग त्यांना इथून हुसकावून लावलं. नावं माहीत नाहीत. खाली लिहिलं होतं, इथून काही नेऊ नये. काही ठेवू नये असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं, आणि नचिकेत नियम पाळणारा माणूस.

प्रणवचं गुरुवारचं विमान होतं. नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसा गेला, मुदतीत दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही. ऑस्ट्रेलियातली अकरा वर्षं. आत्ता कॅसल हिलच्या भाड्याच्या घरात त्याची बायको सुखदा सोफा, फ्रीज आणि पोरीची सायकल फेसबुकवर विकत बसली होती. सकाळी तिनेच नचिकेतला फोन केला. "याला कुठेतरी घेऊन जा रे. प्रत्येक वस्तूला येऊन हात लावतोय."

नचिकेतला निरोप द्यायला जमत नाही. गंडवायला जमतं. प्रणव 'सापडलं, सापडलं' करत माकडासारखा नाचेल, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, म्हणजे पुण्यात बसूनही तो वर्षभर शिव्या देत राहील. असा साधा प्लॅन होता.

"आधी जेवू," प्रणव म्हणाला आणि नेमका चुलीपाशीच बसला.

डब्यात दहीभात होता. प्रणवने तो स्टीलच्या वाटीत काढला. वाटीच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, 'चि. प्रणव'.

"हे काय रे? लग्नातली भेट?"

"इथे युनीत शिकायला आलो तेव्हा आईने दिली. एक ताट, एक वाटी, एक चमचा. सगळ्यावर नाव घालून."

"ऑस्ट्रेलियात तुझी वाटी कोण चोरणार, मेट?"

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणे, चोरीचं नाही रे, कुठे राहिली तर लोकांना कळायला नको, कुणाची ते?"

नचिकेत हसला. प्रणवने वाटी बोटाने निपटून खाल्ली.

मग डिटेक्टर फिरू लागला. ओढ्याकडे गेला, पाटाकडे गेला, परत आला. डाव्या दगडापाशी किंचाळला. नचिकेतने मोबाईल वर धरला.

प्रणवने हाताने माती उकरली. नाणं शर्टाला पुसलं. उलटं केलं, परत सुलटं केलं. आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"नच्या, व्हिडिओ बंद कर."

"अरे, सापडलं ना! नाच की!"

"बंद कर ना यार."

नचिकेतने बंद केला.

"स्वयंपाक करताना पडलं असेल त्याच्या खिशातून," प्रणव चुलीकडे बघत म्हणाला. "किंवा मुद्दाम ठेवलं असेल. परत येऊ म्हणून. माणसाला वाटतं तसं."

आता सांगावं, असं नचिकेतला वाटलं. पण हसत सांगायची गोष्ट हसू न येता कशी सांगतात, ते त्याला माहीत नव्हतं.

"घेऊन जा पुण्याला," तो म्हणाला. "शोकेसमध्ये ठेव."

"पाटी नाही वाचलीस? इथून काही न्यायचं नसतं." प्रणवने मातीचे हात दाखवले. "जरा पाणी आण गाडीतून."

गाडीच्या टपावर एक डोमकावळा बसला होता. इथले कावळे ओरडत नाहीत, लहान मूल रडून दमल्यावर कण्हतं तसे कण्हतात. नचिकेतने त्याला हाकललं. तो दोन पावलं सरकला, उडाला नाही.

बाटली घेऊन येईपर्यंत खड्डा बुजवून झाला होता. एका नाण्याच्या मानाने माती जरा जास्तच उकरलेली दिसत होती. प्रणवने हात धुतले, उरलेलं पाणी त्या जागेवर ओतलं आणि हात जोडले. त्याचं बघून नचिकेतचेही हात जोडले गेले. टू डॉलर शॉपच्या नाण्यापुढे.

गाडी परतीच्या कच्च्या रस्त्याला लागली.

"प्रण्या," शेवटी नचिकेत म्हणाला, "ते नाणं..."

"त्याच्या मागचं किमतीचं स्टिकर काढलंय मी. पुढच्याला तरी खरं वाटू दे."

नचिकेतने गिअर बदलला. उगाचच. मागच्या सीटवर उघड्या डब्यात नुसता चमचा खणखणत होता. त्याने आरशातून पाहिलं, मग मान वळवून पाहिलं.

"अरे, तुझी वाटी राहिली तिथे. फिरवू गाडी?"

"नको," प्रणव खिडकीबाहेर बघत म्हणाला. "नाव आहे तिच्यावर."